शाई पिणारे दाणे

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं संशय घेण्याचा पगार घेतला. कारखान्यात चिनीमातीचे मणी बनत. इस्त्रीत आणि विजेच्या शेगडीत तारेवर ओवलेले असतात ना, ते. भट्टीतून ट्रे बाहेर पडले की माझ्या टेबलावर येत आणि मी त्यातले मूठभर मणी उचलून लाल शाईच्या वाटीत टाकत असे. थोड्या वेळाने काढायचे, धुवायचे, हातोडीने फोडायचे आणि आत बघायचं. शाई आत शिरली नसेल तर माल पास. शिरली असेल तर मणी भट्टीत कच्चा राहिला, त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत, उद्या त्यात ओल शिरणार आणि इस्त्री करताना कोणाला तरी झटका बसणार. मग अख्खा ट्रे मागे जायचा.

माती पुरवणारे माझ्यावर खार खाऊन असत. प्रत्येकाचं एकच पालुपद, "साहेब, असंच असतं." हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं सणकायचं. असंच असतं म्हणणाऱ्याने काहीतरी लपवलेलं असतं, हे मी अनुभवाने शिकलो होतो. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी मला चेष्टेने तीच शाईची वाटी रंगीत कागदात गुंडाळून भेट दिली. मी ती घरी आणली आणि खिडकीत ठेवली.

बायको माझ्या अगदी उलट. ती पाचूबंदरची, मीही तिथलाच, पण माझ्या बापाने मला होडीवर न पाठवता कंपनीत पाठवलं आणि तिने मात्र आईची टोपली डोक्यावर घेतली. वसईच्या बाजारात तिची बसायची जागा आईकडून आलेली. लाकडाचा एक बुटका पाट, जमिनीपासून चार बोटं उंच, त्याच्यावर एक गुडघा उभा करून ती बसायची आणि समोर टोपल्या मांडायची. होडीचा तांडेल म्हणाला मासळी पहाटेची आहे, की ही मानायची. बर्फवाला म्हणाला लादी पूर्ण आहे, की ही मानायची. मी एकदा तिच्या शेजारी उभा राहून बर्फाची लादी हाताने मापायला लागलो, तर तिने मला बाजारातून हाकललं.

"तुमी घरी जावा," ती म्हणाली. "माजं गिऱ्हाईक पळवाल."

जानेवारीत, घराघरांवर नाताळचे तारे अजून लटकत होते तेव्हा, ती बंदराच्या उतारावर घसरली. टोपली डोक्यावर होती. ती वाचवायच्या नादात स्वतःला सावरलं नाही आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला. लोकांनी तिला खुर्चीत घालून घरी आणलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी ती विचारत होती, बोंबील कोणी गोळा केले का म्हणून.

इस्पितळात डॉक्टर भेटला तो तरुण होता, देशावरचा, सातारा-सांगलीकडे बोलतात तसं बोलणारा. मिशी धड फुटलेली नाही आणि हा हाडं जोडणार. त्याने एक्स-रे दिव्यावर लावला आणि मला समजावलं. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्याच्यावर गुडघा टेकलेला असतो, ते एका बाजूने आत दबलं होतं. ते उचलून मूळच्या पातळीवर आणायचं. पण उचललं की खाली पोकळी राहते. पोकळी तशीच ठेवली तर हाड पुन्हा खाली बसतं आणि गुडघा कायमचा वाकडा होतो. म्हणून पोकळी भरायची आणि बाहेरून पट्टी आणि स्क्रू लावायचे.

"भरायची कशाने?" मी विचारलं.

"पूर्वी कमरेचं हाड काढून भरायचे, काका. म्हणजे आणखी एक जखम. आता तयार दाणे मिळतात. सिरॅमिकचे."

मी खुर्चीत सरळ झालो. "सिरॅमिक म्हणजे चिनीमाती?"

"तशीच जात समजा. पण ह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. आपलं हाड ज्याचं बनलेलं असतं तेच."

एकतीस वर्षं ज्या वस्तूंचा मी जीव खाल्ला होता, त्यातली एक आता माझ्या बायकोच्या पायात जाणार होती. मी त्याला म्हणालो, मला डबा बघायचा आहे. ऑपरेशनच्या सकाळी दाणे घेऊन कंपनीचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग, हसणं जरा जास्तच. मी त्याला जिन्याजवळ गाठलं. डब्याचं सील बघितलं, मुदत बघितली, लॉट नंबर हातावर लिहून घेतला. ऑपरेशननंतर डब्यातला स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात, तो नंबर हातावरच्या नंबराशी ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. सगळं बरोबर निघालं की मला जास्त भीती वाटते.

"रिकामा डबाही द्या," मी नर्सला सांगितलं. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, पण दिला.

बायको घरी आली. डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, आणि पाय जमिनीला टेकायचा नाही असा हुकूम. बाजारातल्या बायका तिला भेटायला आल्या. त्यांनी आधी सगळ्यांनी मिळून रोजरीची प्रार्थना म्हटली आणि मग मुख्य बातमी सांगितली. तिचा पाट त्यांनी तिच्या जागेवर पालथा घातला होता.

आमच्या बाजारातली ही जुनी रीत आहे. बाई आजारी पडली, बाळंतपणाला गेली, की शेजारणी तिचा पाट तिच्या जागेवर पालथा घालून ठेवतात. पालथ्या पाटावर कोणी बसत नाही, कोणी टोपली टेकवत नाही. पण ह्याला एक मर्यादा आहे. जूनमध्ये होड्या बंद होतात आणि सुक्या मासळीचा हंगाम लागतो. तेव्हा बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते, आणि तेव्हा जो पाट पालथा तो उचलून बाजूला ठेवतात. मग तिथे जी बसेल तिची जागा. भांडण नाही, तक्रार नाही.

"जूनपर्यंत येते की," बायको त्यांना म्हणाली. "पाच महिने हायेत. तवर हाड काय, माजं दात पन नवं येतील."

सगळ्या हसल्या. मी नाही हसलो. मी मनात हिशेब करत होतो की हिच्या गुडघ्यात जे आहे त्याची कोणी शाईची तपासणी केली होती का.

पुढच्या आठवड्यात फाइल लावताना मी तो रिकामा डबा उघडला. आत काचेची छोटी बाटली होती, आणि तिच्या गळ्याशी पाच-सहा दाणे चिकटून राहिले होते. पांढरे, मोहरीहून थोडे मोठे, वेडेवाकडे. बायको दुपारची झोपली होती. मी खिडकीतली वाटी पुसली, लाल शाई ओतली आणि चिमट्याने एक दाणा आत सोडला.

थांबावंच लागलं नाही. दाणा वाटीच्या तळाला जायच्या आत त्यातून बुडबुडे निघाले. काढून धुतला, चमच्याच्या पाठीने दाबला तर लगेच फुटला, आणि आतून लालभडक. बाहेरून आतपर्यंत, कुठे पांढरा ठिपका म्हणून शिल्लक नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतका वाईट माल पाहिला नव्हता. एखादा मणी कडेला शाई प्यायचा, ह्या दाण्याने तर वाटीच प्यायली असती.

खात्री करून घ्यावी म्हणून मी आचोळ्याला गेलो. तिथे आमच्या कारखान्याचा जुना भट्टीवाला राहतो, कोकणातला माणूस, भट्टीच्या आवाजाने एक कान गेलेला. मी त्याच्या हातात दोन दाणे ठेवले आणि काय आहेत ते सांगितलं नाही. त्याने उजेडात धरले, नखाने घासले आणि एक उचलून जिभेच्या टोकाला लावला. भट्टीवाले असंच करतात. पक्क्या भाजलेल्या वस्तूला जीभ लागत नाही. कच्ची असेल तर ती ओल ओढते आणि जिभेला चिकटते.

"चिकटला," तो ओरडून म्हणाला, कारण त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. "एकदम कच्चा माल आहे रे. कुठल्या भट्टीचा? फेकून दे. पाण्यात ठेवलास तर चार महिन्यांत विरून खाली बसेल."

मी त्याला सांगितलं की माझ्या बायकोच्या पायात भरलाय. त्याने दाणा अंगणात थुंकला आणि तोंड धुवायला गेला. परत आला तो माझ्याजवळ सरकून बसला.

"कोणाला सांगितलंस का?"

"नाही."

"आता पाय तरी हलवू देऊ नकोस," तो म्हणाला. "भार पडला तर संपलं."

मला त्याचं बोलणं पटलं, कारण तो माझ्यासारखा बोलत होता.

दीड महिन्याच्या भेटीला नवा एक्स-रे काढला. घरी आणल्यावर मी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावल्या आणि भिंग घेऊन दाणे मोजले. ऑपरेशननंतरच्या फिल्मवर एक्केचाळीस वेगळे दिसत होते. दुसरीवर अडतीस. तीन गेले. बायको पलंगावरून बघत होती.

"काय मोजता?"

"काही नाही. स्क्रू."

"चार हायेत. डॉक्टरने सांगितलं की."

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या, आठवड्यातून दोनदा. गुडघा हळूहळू वाकवायचा, रोज थोडा जास्त. मी दारात उभा राहायचो आणि बायकोच्या तोंडावर जरा आठी पडली की म्हणायचो, बस, बस, आज एवढं पुरे. बाई म्हणायच्या, काका, थोडं दुखणारच. मी म्हणायचो, तुमचं काय जातं. त्या बाईंना माझा राग येत होता आणि मला तो समजत होता, पण त्यांनी शाई पाहिली नव्हती.

एप्रिलच्या भेटीला ओपीडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बायको चाकाच्या खुर्चीत एक्स-रेच्या खोलीबाहेर थांबली होती आणि मी फिल्म घेऊन आत गेलो. ह्या खेपेला मला मोजायला भिंग लागलंच नाही. दाणे निम्म्यावर आले होते, आणि उरलेल्यांच्या कडा पुसट, जणू कोणी ओल्या फडक्याने पुसल्यासारख्या.

"डॉक्टर, दाणे कमी झालेत," मी म्हणालो.

त्याने फिल्म वर धरली. मागे दोन पेशंट आधीच आत घुसले होते. "हो, छान. व्हायलाच हवेत. असंच असतं, काका."

असंच असतं.

त्याच्या पुढचं मी नीट ऐकलंच नाही. तो इंग्रजीत भराभरा लिहीत होता आणि तोंडाने सांगत होता की आता वॉकर घेऊन थोडं थोडं वजन द्या, गुडघा जोर लावून वाकवायला सुरुवात करा, उशीर करू नका. मी कागद घेतला. बाहेर आलो. बायकोने मान वर केली.

"काय म्हनला?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर हातरुमाल होता आणि त्यात तिने बाजारातल्या बायकांसाठी खाऊ बांधून घेतला होता, कारण येताना बाजारावरून जाऊ आणि आता चालायला लागणार हे त्यांना सांगू, असं तिने ठरवलं होतं.

"अजून नाही म्हणाला," मी म्हणालो. "पाय अजिबात टेकायचा नाही. वाकवायचाही नाही. दोन महिने."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने एकदाही विचारलं नाही की खरंच का. कागद माझ्या हातातच होता. तिला इंग्रजी येत नाही, आणि आलं असतं तरी तिने मागितला नसता. फिजिओथेरपिस्ट बाईंना मी फोन करून सांगितलं की आम्ही गावाला जातोय. ज्याचा आयुष्यभर संशय घेतला ते खोटं मी त्या एका दिवसात दोघींना सांगितलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला वाटलं मी तिचा पाय वाचवतोय. आत कच्चा माल विरघळतोय, वरचं हाड पत्र्याच्या छपरासारखं अधांतरी आहे आणि हिने पाऊल टेकलं की ते खाली बसणार, हे चित्र मला दिवसरात्र दिसायचं. मी तिला उचलून खुर्चीत ठेवायचो, उचलून पलंगावर ठेवायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, नवरा असावा तर असा.

ती दोन महिने पाय सरळ ठेवून बसून राहिली. मे महिन्यात आवारात शेजारणी बोंबील वाळत घालायच्या, ती खिडकीतून बघायची. कधी कधी विचारायची, "जूनला व्हईल ना?" मी म्हणायचो, बघू. आणि त्या दोन महिन्यांत मी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलो नाही. सगळे एकमेकांना सामील असतात, अशी माझी पक्की समजूत होती. मी फक्त कागद जमवत होतो. स्टिकर, नंबर, फिल्म, शाईने लाल झालेल्या दाण्याचा भुगा एका पुडीत. जूनच्या भेटीला सगळं एकदम टेबलावर टाकायचं आणि त्या पोराची बोलती बंद करायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. ह्या वेळी बायकोला खुर्चीसकट आत नेलं, कारण साक्षीला कोणी तरी हवं होतं. नवीन फिल्म काढली. डॉक्टर ती दिव्यावर लावायच्या आत मी पुडी उघडली आणि बोलायला लागलो. मणी, भट्टी, शाई, जीभ, एक्केचाळीस, अडतीस, एकोणीस. तो ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने पुडीतला लाल भुगा बोटावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, ह्याचं मला नवल वाटलं.

"काका, शाई शिरली ना आत? पूर्ण?"

"पूर्ण. दाबला तर भुगा झाला."

"मग दाणा एकदम चांगला होता." तो सावकाश बोलायला लागला. "ह्याला भोकं मुद्दाम ठेवतात. तुमची शाई शिरली तसं पायात त्याच्यात रक्त शिरतं. रक्तामागून पेशी जातात. त्या दाणा थोडा थोडा खातात आणि तिथेच नवीन हाड घालतात. भोकं नसती तर रक्त बाहेरच राहिलं असतं आणि दाणा दगडासारखा पडून राहिला असता. हे दाणे संपण्यासाठीच भरतात."

त्याने फिल्म लावली. मी मोजायला पुढे झालो, पण मोजायला काही नव्हतंच. जिथे पांढरे ठिपके होते तिथे आता सगळीकडे एकसारखी राखाडी जाळी होती, आजूबाजूच्या हाडासारखीच. कुठून दाणा संपला आणि कुठून हाड सुरू झालं ते मला, एकतीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला, सांगता आलं नाही. वरचं टोक सरळ होतं, जसं उचललं होतं तसंच. इतका आनंद झाला मला, की मी टेबलाची कड धरली. पाय वाचला होता.

"उत्तम भरलंय," डॉक्टर म्हणाला आणि बायकोकडे वळला. "काकू, आता बिनधास्त चालताय ना? गुडघा किती वाकतो बघू."

त्याने तिची टाच धरून पाय मागे घेतला. पाय थोडा वाकला आणि अडला. त्याने जोर लावला, बायको किंचाळली. त्याने पुन्हा बघितलं, मग दुसरा गुडघा वाकवून बघितला आणि पुन्हा ह्याच्याकडे आला. त्याचा चेहरा बदलला.

"हा इतका कसा आखडला? एप्रिलपासून चालताय ना? व्यायाम?"

"नाय," बायको म्हणाली. "तुमीच तर नको म्हनलंव."

"मी?"

"पाय टेकायचा नाय, वाकवायचा नाय, दोन महिने. असं तुमी ह्यांना सांगितलंव."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. बायको त्याच्याकडे बघत होती, मग त्याची नजर कुठे आहे ते तिने पाहिलं आणि तीही माझ्याकडे वळली. मी फाइल उघडून एप्रिलचा कागद टेबलावर ठेवला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरने तो वाचून तिला मराठीत सांगितला, हळू आवाजात, एक एक ओळ. वजन द्या. वाकवा. उशीर करू नका.

मी तिची खुर्ची ढकलत बाहेर आणली. रिक्षात बसल्यावर ती बोलली, बाहेर बघत.

"मे महिन्यात मी एकदा उभी राहिले व्हते. तुमी बाजारात गेलेलाव तवा. वट्याला धरून. दोनी पाय टेकले. काय दुखलं नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "मग वाटलं, डॉक्टर नाय म्हनलाय, तुमी येवढं उचलून ठेवताव, आनि मी पाप करते. म्हनून बसले."

एवढ्या तपासण्या केल्या मी. शाईची केली, जिभेची केली, फिल्मवर भिंग लावून डोळे फोडले. तिला दुखतंय का, पाय कसा वाटतो, हे पाच महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पायात काय चाललंय हे ज्या एका माणसाला आतून कळत होतं, त्याची साक्ष मी काढलीच नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. त्या आल्या आणि माझ्या बाजूने सरळ आत जाऊन कामाला लागल्या. बायको ओरडायची, रडायची, बाई थांबायच्या नाहीत, आणि मी आत स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो. जून संपेपर्यंत गुडघा खुर्चीत बसण्याइतका वाकला. जिना चढण्याइतका वाकला. त्याच्यापुढे अडला तो अडलाच. आणखी किती सुटेल हे डॉक्टरही सांगत नाही. म्हणतो, एप्रिलमध्ये सुरू केलं असतं तर सोपं गेलं असतं. पुढचं मला कळतं.

पाट बाजारातल्या बायकांनी उचलला नाही. हंगाम लागला तरी त्यांनी तो आणखी महिनाभर पालथा ठेवला, रीत मोडून, आणि ती वॉकर घेऊन गेली तेव्हा तिच्यासमोर सुलटा केला. तिने वॉकर सोडला, शेजारणीचा खांदा धरला आणि बसायला खाली वाकली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा प्रयत्न केला. मग शेजारच्या चहावाल्याने त्याचं प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. आता ती त्या स्टुलावर बसते, डावा पाय पुढे पसरून, रांगेतल्या सगळ्या बायकांच्या वर एकटीच. टोपलीपर्यंत हात पोचत नाही. सुकट द्यायची झाली की शेजारीण भरून देते. पाट तिने घरी आणला आणि पलंगाखाली सरकवला.

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, माझी बाजू मांडली असती. ती पूर्वीसारखीच बोलते, जेवायला वाढते, रविवारी माझा दंड धरून चर्चला येते. सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती बसून राहते आणि मीही तिच्याजवळ बसून राहतो.

मागच्या भेटीत डॉक्टरने पुन्हा कागद लिहून दिला. बाहेर आल्यावर मी तो घडी करून फाइलमध्ये ठेवायला लागलो, तर तिने हात पुढे केला. मला वाटलं तिला आधार हवाय. तिला कागद हवा होता. वॉकर टेकत टेकत ती कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानापर्यंत गेली आणि कागद काउंटरवर ठेवला.

"भाऊ, यात काय लिवलंय तेवढं सांग."

दुकानदाराने चश्मा लावला आणि वाचून दाखवलं. व्यायाम चालू ठेवा. गुडघा रोज वाकवा. तीन महिन्यांनी या.

"येवढंच?" तिने विचारलं. दुकानदाराला नाही, माझ्याकडे वळून.

"एवढंच," मी म्हणालो.

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "परत एकदा वाच, भाऊ."